घुंगरावर चिंधी

ऐका बाप्पा, ऐका! सरका पुढं. ए नव्या सुनांनो, तुम्ही काहून मागं बसल्या? या इकडं, विस्तवाजवळ. ही गोष्ट तुमच्यासाठीच हाय. जुन्या लोकायनं दहा खेपा ऐकली हाय, त्यायनं उगाच दात काढायचे नाहीत. मधातच कोणी "पुढचं मले मालूम हाय" म्हटलं, तर उद्या पहाटे मोह वेचायले जाताना त्याले सगळ्यायच्या पुढं चालवीन. समजलं?

अन् हा बुढा बसला हाय ना काठी घेऊन, लाकडं सारत, त्याचा भेव नका धरू. तो बोलत नाही. मी खरं सांगितलं तर घुंगरू वाजवते, खोटं सांगितलं तर काठी आपटते. अवो, बरोबर ना? वाजलं! ऐकलं ना? चला मंग.

तर एक गडी निघाला. रातीचा. चैताची अंधारी रात. कोंबडा आरवायले अजून दोन घंटे बाकी. डोक्यावर रिकामं टोपलं, हातात काठी, पायात काही नाही. वहाणा घरीच ठेवल्या. काहून? तर वाजतात म्हणून! अन् काठीले घुंगरं होती, तर त्या घुंगरात त्यानं चिंधी कोंबून कोंबून बसवली. एक टिपूस आवाज नाही. चोर कसा जाते, तसा चालला.

पण तो चोर नव्हता, बाई. तो गावचा हाकाऱ्या होता! त्याचं नाव नका पुसू. नाव मंग सांगते.

हाकाऱ्या म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. मोहाचं फूल पहाटे पडते. टप, टप, टप. आपल्याले पाहिजे असते, तसं अस्वलालेही पाहिजे असते. त्याले तर मोह म्हणजे आपल्या घरची पुरणपोळी. पाचोळ्यात तोंड खुपसून असं सूं सूं करत खाते, की आजूबाजूचं काही ऐकू येत नाही त्याले. दिसते तर कमीच. माणूसही खाली वाकून वेचते. दोघंही वाकलेले, दोघायचंही ध्यान खाली. अन् अचानक चार हातावर समोरासमोर! मंग अस्वल घाबरते, अन् घाबरलं की माणसाच्या तोंडावरच येते. त्याचं काही वैर नसते आपल्याशी. पण तोंड तर जाते ना आपलं!

एका सालात तीन माणसं गेली आपल्या गावची. मंग तेव्हाचा गावचा जाणता, डोमा बुढा, त्यानं साऱ्या गावाले बसवलं. म्हणे, आतापासून एकट्यानं कोणी जायचं नाही. फटफटल्यावर सगळे ओट्यावर जमायचं, हाकाऱ्या पुढं चालन, मोठ्यानं हाक देन, मागचे घुंगराच्या काठ्या आपटतीन. अस्वलाले दुरूनच समजते, बाप्पा आले हे, अन् ते आपल्या वाटेनं निघून जाते. हाकाऱ्या नाही, तर त्या दिवशी मोह नाही. अन् नाल्यापलीकडची ती चार झाडं, जुनी, मोठी, चार माणसायच्या कवेत न मावणारी, ती अस्वलायची. तिकडचं एक फूलही कोणी उचलायचं नाही. त्यायचं त्यायले, आपलं आपल्याले.

झालं. तेव्हापासून एकाले ओरखडा नाही!

तर हा आपला हाकाऱ्या. काय आवाज होता त्याचा! दंडारीच्या नाचगाण्यात उभा राहिला की तीन गावं ऐकत. पुढं चालत "होऽऽ होऽऽ मामा, वाट सोडाऽऽ" अशी हाक दिली की टेकडी परत बोले. अस्वलाले मामा म्हणे तो! पोट्टे हसत. बाया म्हणत, याच्या आवाजानं आपलं कुंकू शाबूत हाय.

अन् त्याची बायको? ती मात्र भलती तोंडाळ होती. अशी बायको देवानं वैऱ्याले देऊ नये. हसता काहून बे? खरं सांगते. सारा गाव वेचे, हा उभा राहून हाका देई. लोकायच्या अंगणात मोहाचे ढीग कमरेएवढे, याच्या अंगणात मांजर बसलं तर झाकून जाईन एवढा. जाऊ येऊन पाहून जाई, तोंडाले पदर लावून. बायको पेटली! म्हणे, "गावासाठी घसा फोडता, अन् आपल्या घरी काय? लोकायच्या बायका टोपल्यानं मोजतात, मी वाटीनं मोजते. तुमचा आवाज काय शिजवू मी?"

असं म्हणे ती. रोज म्हणे. जेवताना म्हणे, झोपताना म्हणे. अवो, म्हणे ना? बघा, किती जोरानं वाजवलं! एवढं जोरानं वाजवायची गरज नव्हती.

तर त्या राती तो उठला. बायकोले हलवलं. म्हणे, "नाल्यापलीकडं जातो. तिथं गुडघाभर मोह पडला असन. लोक जमायच्या आधी परत येतो. उशीर झाला अन् कोणी पुसलं तर ताप हाय म्हण. तोंड बंद ठेव." बायको म्हणे, "जा." एवढंच म्हणे. जा! तिले त्या वक्ती ढीग दिसत होता डोळ्यापुढं, कमरेएवढा.

निघाला. गावाबाहेर आला. नाल्याची वाट धरली.

आता ऐका, मजा पुढं हाय. मजा कसली, बाई, अंगावर काटा हाय!

पहिलं काय झालं? रातकिडे किर्र किर्र करत होते ना, ते थांबले. एकदम. जसं कोणी दार लावलं. हाकाऱ्याले वाटलं, मले पाहून थांबले. पुढं गेला. नाल्यात पाणी होतं, पिंडरीएवढं. पाण्यात पाय टाकला. पाणी हललं, पण वाजलं नाही. डुबुक नाही, चुबुक नाही. काहीच नाही! त्याले वाटलं, कान बसले असतीन थंड हवेनं. कानात बोट घालून हलवलं. पुढं गेला.

पलीकडं पाचोळा. चैतातला मोहाचा पाचोळा, त्याच्यावर उंदीर चालला तरी पापडासारखा मोडते. याचा पाय पडला अन्... नाही! आवाज नाही. दुसरा पाय. नाही! जोरानं पाय आपटला. नाही!! खाली पाहते तर पानाचा चुरा झालेला, पण वाजलंच नाही ते.

दुसरा असता तर मागं पळाला असता. पण पुढं त्याले मोह दिसला. मायबाई, काय मोह! झाडाखाली असा पसरलेला, जसा कोणी भात सांडला पंगतीत. अन् वरून पडूनच राहिला होता. डोळ्यानं दिसून राहिलं, फूल पडलं, फूल पडलं, फूल पडलं. पण टप नाही! एकही टप नाही!

अन् झाडाखाली एक बाई वेचून राहिली होती.

पाठ इकडं, वाकलेली. लुगडं कासोट्याचं. हात असे भराभर चालत होते तिचे, जशी कोंबडी दाणे टिपते. अन् दोन्ही हातात बांगड्या, कोपरापर्यंत. त्या बांगड्यायले चिंध्या गुंडाळलेल्या. घट्ट. वाजू नये म्हणून!

आता जुन्यायले मालूम हाय ती कोण. ती चिंधीवाली. ज्या तीन जणायच्या पायी गावानं नेम केला ना, त्यातली पहिली हीच. लोकायच्या झाडाखालचा मोह वेचायले एकटीच रातची जाई, बांगड्या वाजू नये म्हणून चिंध्या बांधे. तिच्या घरच्यायलेही मालूम नव्हतं ती कुठं जाते. अस्वलाले काही ऐकू आलं नाही, अन् हिलेही काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी सापडली.

हाकाऱ्यालेही मालूम होतं हे. पण त्या वक्ती डोक्यातच आलं नाही पहा! त्याले वाटलं, आपल्यासारखीच कोणी चोरून आली. उलट राग आला त्याले, की माह्याआधी ही कशी आली!

ती वळली नाही. पण तिचा आवाज त्याच्या कानापाशी आला. एकदम कानापाशी, असा! ए, घाबरू नको बाई, मी दाखवून राहिली. म्हणे, "भाऊ, काठीत चिंधी घातली ना? बरं केलं. इथं नको वेचू, तिकडच्या झाडाखाली दुप्पट पडला हाय."

हा गेला तिकडच्या झाडाखाली. खरंच दुप्पट! टोपलं खाली ठेवते, तर पुन्हा कानापाशी, "वहाणाही काढल्या ना भाऊ? शहाणा हायेस. इथंही नको. त्या पुढच्या झाडाखाली चौपट हाय." हा पुढच्या झाडाकडं गेला. चौपट! तिथंही वाकते, तर, "कोणाले सांगितलं नाही ना? बायकोचं तोंड बंद करून आला ना? मंग चाल. शेवटच्या झाडाखाली."

आता त्याले घाम फुटला. बायकोची गोष्ट हिले कशी मालूम? त्याले बोलायचं होतं, 'कोण हायेस तू?' तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही! खोकलला. नाही! ज्या नरड्याच्या हाकेनं टेकडी हाले, त्या नरड्यातून पाखराएवढाही आवाज निघेना. त्यानं काठीतली चिंधी ओढून फेकली, काठी हलवली, हलवली, हलवली. घुंगरं नाचत होती डोळ्यापुढं, पण वाजत नव्हती.

ती हसली कानात. म्हणे, "तू आपल्या हातानं जे जे दाबलं ना भाऊ, ते सारं माहं झालं."

पाय मात्र चालूनच राहिले त्याचे. थांबा म्हटलं तरी थांबेनात. शेवटचं झाड. सगळ्यात मोठं. त्याच्या बुडाशी ती बाई वाकून बसलेली, काळी, मोठी, पाठ इकडं, वेचून राहिली. तो जवळ गेला. दहा हात. आठ हात. पाच हात. अन् त्याले वास आला. उग्र, ओला. पाय आपोआप थांबले. अन् समजलं, बाप्पा, ही बाई नाही!

अस्वल! भलं मोठं! अन् दोन पिल्लं, इकडं एक, तिकडं एक, आईच्या अंगाले घासून. तिघंही तोंड खुपसून खाऊन राहिले. त्यायले कोणाचाच पत्ता नाही. याच्या मागं दगडधोंडे, पळायची सोय नाही, बाजूले काटेरी झुडपं, पुढं अस्वल. पिल्लावाली! अन् त्याच्यापाशी हाक नाही. साऱ्या गावाले वाचवणारी हाक त्याच्याचपाशी नाही!

थांबा. त्याले तिथं उभा राहू द्या जरासा. आपण गावात येऊ.

गावात इकडं फटफटायले आलं होतं. लोक ओट्यावर जमले. काठ्या, टोपल्या, पोटाशी बांधलेली भाकर. डोमा बुढा पुसते, "हाकाऱ्या कुठी हाय?" बायको दारात उभी. म्हणे, "ताप हाय त्यायले. पडले हायेत." डोमा बुढा म्हणे, "बरं. मंग आज मोह नाही. चला, झोपा."

अन् लोक परत चालले, बाई! एकेक करून घरात चालले. दारं लावून राहिले. आता पहा. ते जंगलात गेले असते, ओरडत, काठ्या आपटत, तर नाल्यापलीकडं आवाज गेला असता. पण या बाईनं आपल्या तोंडानं सारा गाव झोपवला!

उभी राहिली ती अंगणात. ऐकून राहिली. लग्नापासून तिच्या कानाले सवय, की या वक्ताले टेकडीकडून "होऽऽ मामा" येते. आज काहीच नाही.  ढीग गेला डोळ्यापुढून. चूल गेली, जाऊ गेली, सगळं गेलं. राहिला तो एकटाच, रातचा गेलेला, अनवाणी. तिले समजलं, मी आता गप्प राहिली तर तो जाते. अन् बोलली तर उद्यापासून सारा गाव म्हणन, हाकाऱ्यानंच अस्वलायचा वाटा चोरला, अन् बायकोनं धाडलं.

किती वेळ लागला तिले? सांगते खरं. लागला. थोडा लागला. त्याची लाज तिले अजूनही हाय.

मंग ती धावली ओट्यावर. डोमा बुढ्याचा हात धरला. म्हणे, "ताप नाही बाप्पा, ते नाल्यापलीकडं गेले, मी धाडलं!" अन् टेकडीकडं तोंड करून ओरडली. काय ओरडली? "अवो" म्हणाली का? "ऐकलं का" म्हणाली का? एवढ्या दुरून कोणाले समजन, कोणाचं अवो? तिनं त्याचं नाव घेतलं! नवऱ्याचं नाव! लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही अर्धं दातात धरून. त्यानंतर बारा वर्षात नाही. अन् त्या पहाटे साऱ्या गावाच्या मधात उभी राहून, पदर पडला, केस सुटले, अन् छातीतून ओरडली,

"दुधरामऽऽऽ! ओ दुधरामऽऽऽऽ!"

सासरा दारात आला. जाऊ तोंडाले हात लावून उभी. ती थांबलीच नाही. पळत सुटली नाल्याकडं, नाव घेत. "दुधरामऽऽऽ!" तिच्या मागं डोमा बुढा, त्याच्यामागं सारा गाव. काठ्या, थाळ्या, तेलाचे डबे, जे हाताले लागलं ते बडवत. अन् सगळेच ओरडत, "दुधरामऽऽ!"

आता चला झाडाखाली.

तो उभा होता, श्वास धरून. अस्वलाचं एक पिल्लू वळून त्याच्याकडं पाहूनही राहिलं होतं. अन् तेवढ्यात त्याले ऐकू आलं. इतक्या वेळानं पहिला आवाज! दुरून, बारीक, फाटका. आपलं नाव. बायकोच्या तोंडून! त्याले वाटलं, मेलो मी, म्हणूनच ऐकू येऊन राहिलं.

अन् त्याच्याजवळ कोणीतरी किंचाळलं. ती चिंधीवाली. झाडाआड उभी, दोन्ही हात कानावर. तो आवाज तिले खाता येईना. त्यानं साऱ्या गोष्टी दाबल्या होत्या, पण बायकोचं तोंड काही कायमचं दाबलं गेलं नव्हतं! तिच्या हातावरच्या चिंध्या सुटून खाली पडल्या. अन् बांगड्या वाजल्या, बाई. छन्न! एकदाच. ती रडूनच राहिली होती. म्हणे, "माह्या नावानं कोणीच हाक नाही मारली, भाऊ. कोणाले मालूमच नव्हतं मी कुठी हाय." अन् गेली. नव्हतीच तिथं.

ती गेली, तसे सारे आवाज एकदम आले! रातकिडे, पाणी, टप टप टप टप, अन् गावाचा गोंगाट. अस्वलानं डोकं वर केलं. हुंफ्! पिल्लं टुण्णकन आईच्या पाठीवर चढली, केस धरून. अस्वल वळलं, अन् पाच हातावर हा!

दोन पायावर उभं राहिलं. याच्यापेक्षा हातभर उंच. यानं टोपलं तोंडापुढं धरलं अन् खाली बसला. पंजा आला. फर्रकन! टोपलं फाटलं, खांद्याले नखं लागली. दुसरा पंजा आला असता, तर मी ही गोष्ट सांगत बसली नसती. पण आवाज जवळ आला होता. थाळ्या, डबे, घुंगरं, नाव. अस्वलानं एकदा त्या आवाजाकडं पाहिलं, एकदा याच्याकडं. अन् पाठीवरची पिल्लं सांभाळत, धपधप धपधप, झुडपातून टेकडी चढून गेलं. गेलं आपल्या वाटेनं! त्याले कोणाशी भांडायचंच नव्हतं.

गाव आला तेव्हा तो बसलेला होता, टोपलं छातीशी धरून. अंगावर मोहाची फुलं पडून राहिली होती. बायकोनं त्याले हलवलं. त्यानं तोंड उघडलं, तर नुसती कुजबूज. खांदा भरून आला महिन्यात. आवाज नाही आला. वैद्य झाले, मोठा दवाखाना झाला. नाही आला. ही सारी गोष्ट त्यानं बायकोच्या कानाशी तोंड लावून सांगितली, कुजबुजत. तीन राती लागल्या.

ते टोपलं पहायचं हाय? तिथं पहा, माह्या ओसरीत, खुंटीवर. चार नखायच्या चार रेघा.

हो, माह्या ओसरीत! आता नव्या सुनायचे डोळे मोठे झाले पहा. मंग? कोण ती तोंडाळ बायको? मीच ना! अन् हा काठीवाला बुढा कोण? तोच! तेव्हापासून हाकारी मी हाय. माहा आवाज काही गोड नाही, फुटक्या डब्यासारखा हाय, पण अस्वल ऐकते. तीस सालं झाली. एकही ओरखडा नाही गावाले. अन् अंगणात ढीग अजूनही मांजरीएवढाच हाय. तो ढीग, अन् गावचे सारे ढीग, एका बाजूले ठेवले, अन् त्यायची ती एक हाक दुसऱ्या बाजूले, तर मी हाक उचलीन बाप्पा. पण आता काय.

तर ऐका. उद्या पहाटे फटफटल्यावर ओट्यावर या. आधी नावं घेतली जातात. एकेकाचं. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, सासऱ्यासमोर, मोठ्यानं. तिथं लाजायचं नाही. ज्याचं उत्तर नाही आलं, त्याले आधी शोधायचं, मंग मोह. कानात ती गाण्याची बोंडं घालून कोणी येणार नाही. काठीत चिंधी दिसली तर काठी चुलीत. अन् नाल्याच्या त्या वाटेनं कोणी म्हणजे कोणी जायचं नाही. दिवसा नाही, राती तर नाहीच. तिकडची चार झाडं मामाची. अन् कोणी कानाशी येऊन "बरं केलं, कोणाले सांगितलं नाही" असं म्हटलं, तर तिथूनच मागं फिरा, अन् ओरडा. जे येईन ते ओरडा!

ए, तू, हिरव्या साडीवाली. तुह्या नवऱ्याचं नाव काय? मान काहून खाली घालतेस? घे. आता घे. उद्या तिथं अडखळायले नको. आणखी मोठ्यानं! हं, शाबास!

आता माही पाळी. झोपायच्या आधी मी रोज घेते. दाराशी उभी राहून, सारी आळी ऐकते.

दुधरामऽऽऽ!

वाजलं. ऐकलं ना? चला, झोपा आता.